घर आहे, घरचे नाहीत: तिकोचिन नावाच्या पोलिश गावाची गोष्ट

पोलंडच्या ईशान्येला, नारेव नदीच्या काठी तिकोचिन नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढी. गावाच्या पूर्व टोकाला दोन मनोऱ्यांचं चर्च आणि पश्चिम टोकाला जाड भिंतींचं, उंच छपराचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. हे सिनेगॉग १६४२ सालचं. आत शिरलं की मूर्ती नाही, चित्रं नाहीत. दिसतात त्या भिंतीवरच्या ओळी. हिब्रू आणि अरामी भाषेतल्या प्रार्थना, चौकटी आखून, कडेने वेलबुट्टी काढून थेट भिंतीवर रंगवलेल्या. पुस्तक महाग, मेणबत्तीचा उजेड जेमतेम. ज्याच्या हातात पोथी नाही त्याने मान वर करावी आणि भिंत वाचावी, अशी ती सोय.

ती भिंत वाचणारं कुणी आज गावात नाही. तिकोचिनमध्ये ज्यूंची वस्तीच उरलेली नाही. सिनेगॉगचं संग्रहालय झालंय, तिकीट काढून आत जायचं.

एवढं ऐकलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं, हिटलर. ते बरोबरही आहे. पण १५२२ ते १९४१ अशी ४१९ वर्षं या गावात ज्यू नांदले, आणि त्यांना संपवायला दोन दिवस लागले. आपण त्या दोन दिवसांबद्दल पुष्कळ ऐकलेलं असतं आणि ४१९ वर्षांबद्दल जवळपास काहीच नाही. मग काय गेलं हेही कळत नाही. म्हणून आधी नांदण्याबद्दल.

सुरुवात एका सनदेपासून. १५२२ मध्ये तिकोचिन ओल्ब्राख्त गाश्तोउद या लिथुआनियातल्या बड्या सरदाराच्या मालकीचं होतं. त्याने ग्रोद्नो शहरातून दहा ज्यू कुटुंबं बोलावली. राहायला जागा दिली, बाजारात दुकानं दिली, सिनेगॉग बांधायची आणि मृतांना पुरायला जागा राखायची परवानगी दिली, आणि आपसातले तंटे आपसात मिटवायची मुभाही दिली. यात भूतदया नव्हती, हिशेब होता. त्या काळच्या पोलंड-लिथुआनियात सरदार व्यापाराला हात लावणं कमीपणाचं मानत आणि शेतकरी जमिनीला बांधलेला, मालकाच्या परवानगीवाचून गाव सोडू न शकणारा. मग धान्य विकायचं कुणी, मीठ आणायचं कुणी, रोकड फिरवायची कुणी? पेठ वसवायची तर व्यापाऱ्याला कौल द्यावा लागतो, हे पुण्याच्या पेठांचा इतिहास वाचलेल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजू ज्यूंच्या गरजेची. इंग्लंडने त्यांना १२९० मध्ये हाकललं, स्पेनने १४९२ मध्ये. जर्मन मुलखात अधूनमधून कत्तली चालूच. पोलंडमध्ये मात्र १२६४ सालीच एका राजपुत्राने कालिश गावी ज्यूंना संरक्षणाचा जाहीरनामा दिला होता, आणि पुढे राजा काझीमिएझने तो राज्यभर लागू केला. त्यामुळे पश्चिमेकडून लोक पूर्वेकडे सरकत राहिले. पुढच्या काही शतकांत जगातली सर्वांत मोठी ज्यू वस्ती इथे झाली ती अशी.

आता तो 'मधला माणूस' नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या बऱ्याच कडवटपणाचं मूळ तिथे आहे. सरदार आपली गिरणी, खाणावळ, दारूची भट्टी, तळ्यातली मासेमारी, पुलावरचा टोल हे सगळं मक्त्याने देत असे. मक्तेदार बऱ्याचदा ज्यू. तो सरदाराला ठरलेली रक्कम भरायचा आणि मग ती शेतकऱ्याकडून वसूल करायचा. कोकणातला खोत डोळ्यासमोर आणा. फरक इतकाच, की या खोताच्या पायाखाली स्वतःची जमीन नव्हती, आणि मालकाची मर्जी फिरली की मक्ताही जायचा आणि छप्परही. शेतकऱ्याला सरदार वर्षातून एकदा दिसे, मक्तेदार रोज दिसे. राग कुणावर निघणार? १६४८ मध्ये युक्रेनमध्ये कोसॅकांचं, म्हणजे तिथल्या लढवय्या घोडेस्वारांचं, बंड झालं तेव्हा हजारो ज्यू मारले गेले. त्यात धर्मद्वेष होताच, पण वसुलीचा हिशेबही होता.

सगळे ज्यू मक्तेदार होते असा समज मात्र करून घेऊ नये. बहुतेकांची गत बेताचीच. शिंपी, चांभार, पाववाले, गाडीवान, पाठीवर गाठोडं टाकून खेडोपाडी सुया-दोरे विकणारे. जिथे वस्तीचा मोठा भाग अशा लोकांचा होता, त्या बाजाराच्या छोट्या गावाला यिडिश भाषेत 'श्टेटल' म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता 'लहानसं शहर'. यिडिश ही मुळात जर्मन घराण्यातली भाषा. तिच्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्दांचं भरपूर मिश्रण, आणि लिपी हिब्रू. तिकोचिनला यिडिशमध्ये तिक्तिन म्हणत. एकाच गावाची दोन नावं, आणि दोन्ही नावांनी हाक मारणारे लोक बाजाराच्या दिवशी एकाच चौकात.

शनिवारचा शब्बाथ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावणं सोपं आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. नियम तोच. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत काम नाही, पैशाचा व्यवहार नाही, विस्तव पेटवायचा नाही. पण पोलंडच्या हिवाळ्यात विस्तवावाचून कसं भागणार? मग शेजारचा ख्रिस्ती माणूस येऊन शेगडी पेटवून जाई. आणि गरम जेवणासाठी घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, जवाचे दाणे, बटाटे आणि जमलं तर मांस असं सगळं एका भांड्यात घालून, ते भांडं शुक्रवारी दुपारीच पाववाल्याच्या भट्टीत ठेवून येत. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं ते 'चोलेंत' शनिवारी दुपारी घरी आणायचं. भट्टी एक, भांडी गावभरची. ज्याचं त्याला ओळखू यावं म्हणून कुणी खूण करी, आणि तरीही अदलाबदल व्हायचीच असं म्हणतात.

या वस्तीचा कारभार चाले 'कहाल'मार्फत. गावकीच म्हणा ना. तिचे निवडलेले पुढारी कर गोळा करत आणि राज्याला एकरकमी भरत. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नेमत, न्यायनिवाडा करत. गरीब मुलीच्या लग्नाचा खर्च, आजाऱ्याची देखभाल, अनाथाचं शिक्षण, प्रेताची अंघोळ आणि दफन, प्रत्येक कामाला वेगळं मंडळ. या सिनेगॉगच्या कोपऱ्यात एक बुटका बुरूज आहे. गावकीने शिक्षा दिलेल्याला त्यात कोंडत, असं सांगतात. आणि ही गावकी काही लहानसहान नव्हती. पोलंडभरच्या ज्यूंची एक शिखर संस्था होती, 'चार प्रांतांची परिषद'. जत्रेच्या निमित्ताने लुब्लिन आणि यारोस्वाव इथे ती भरायची, कराचा वाटा ठरवायची, भांडणं ऐकायची. १७६४ मध्ये पोलिश संसदेने ती बरखास्त केली. तोवर तिकोचिनचा तिथे दबदबा होता. आसपासच्या लहान वस्त्या कुणाच्या अखत्यारीत, यावरून तिकोचिन आणि ग्रोद्नो यांच्या गावक्यांमध्ये वर्षानुवर्षं जुंपलेली असे. आज तीन लाखांच्या आसपास वस्ती असलेलं ब्यालिस्तोक शहर इथून तीसएक किलोमीटरवर आहे. तिथले ज्यू एके काळी तिकोचिनच्या गावकीच्या हाताखाली होते!

हे चित्र उलटं कसं झालं? कारण अगदी साधं. १८६२ मध्ये वॉर्सॉ ते सेंट पीटर्सबर्ग रेल्वे सुरू झाली, ती ब्यालिस्तोकवरून गेली. कापडाच्या गिरण्या तिथे उभ्या राहिल्या. तिकोचिन रुळापासून दूर, नदीकाठी तसंच राहिलं. तरुण पोरं ब्यालिस्तोकला, वॉर्सॉला, जमलं तर अमेरिकेला गेली. एकोणिसाव्या शतकात गावात निम्म्याहून जास्त ज्यू होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते जवळपास निम्म्यावर आले. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, रेल्वे चुकली म्हणूनच गावाचा जुना आराखडा वाचला. चौक, बुटकी लाकडी घरं, चर्च आणि सिनेगॉग, सगळं जागच्या जागी.

सिनेगॉगच्या आत आणखी थोडा वेळ थांबूया. दालनाच्या मधोमध चार भक्कम खांब, वर त्यांनीच छताच्या कमानी पेलल्या आहेत. या खांबांच्या मध्ये उंच चौथरा, त्याला बिमा म्हणतात. तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ. त्याची गुंडाळी उलगडून तिथे उभं राहून वाचायची, म्हणजे आवाज चारी बाजूंना पोचतो. पूर्वेच्या भिंतीत तोराची गुंडाळी ठेवायचा कोनाडा. तो पूर्वेला, कारण युरोपातून जेरुसलेमची दिशा तीच मानतात. अलिबागच्या सिनेगॉगमध्ये हाच कोनाडा पश्चिमेला असतो. बायकांची जागा वेगळ्या दालनात, मधल्या भिंतीतल्या झरोक्यांतून प्रार्थना ऐकायची. पोलंडमधल्या पुष्कळ जुन्या सिनेगॉगांत रस्त्यावरून दोन-चार पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. 'खोल गर्तेतून मी तुला हाक मारतो' या स्तोत्रातल्या ओळीशी त्याचा संबंध जोडतात. माझा आपला अंदाज असा, की चर्चपेक्षा उंच इमारत बांधायची सोय नसेल तर आतली उंची मिळवायला जमीनच खाली न्यावी लागते, आणि ओळ नंतर सापडते.

आता ते दोन दिवस.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. तिकोचिन सोव्हिएत वाट्याला आलं. या पूर्व भागातून सोव्हिएतांनी लाखो लोकांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. अशाच हद्दपारांपैकी सुमारे पाच हजार पोलिश माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं, पुढे इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पोचली आणि १९४३ ते १९४८ तिथे राहिली. कोल्हापूरकरांना ही गोष्ट ठाऊक आहे. ठाऊक नसते ती तिची उलटी बाजू: पोलंडचे जे ज्यू जगले, त्यातले बहुसंख्य सोव्हिएत युनियनच्या आतल्या भागात अडकले होते म्हणून जगले. जी हद्दपारी तेव्हा सर्वनाश वाटली, तिनेच पुष्कळांचा जीव वाचवला.

तिकोचिनचे ज्यू बहुतेक घरीच होते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि गाव जर्मनांच्या ताब्यात गेलं. ऑगस्टच्या २४ तारखेला दवंडी पिटली, की दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या ज्यूंनी बाजारचौकात हजर राहायचं. सोमवार होता, २५ ऑगस्ट. पुरुषांना पायी चालवत नेलं, बायका-मुलांना ट्रकमध्ये भरलं. गावाबाहेर वोपुहोवोच्या जंगलात खड्डे आधीच खणून ठेवले होते. जर्मन पथकाने सगळ्यांना त्या खड्ड्यांच्या काठावर गोळ्या घातल्या. लपून राहिलेले सापडले, त्यांना दुसऱ्या दिवशी. मेलेल्यांचा आकडा सुमारे दोन हजार सांगतात. थोडे निसटून ब्यालिस्तोकला पोचले. तिथला घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, जर्मनांनी १९४३ मध्ये संपवला. जंगलात आज खड्ड्यांच्या जागी कुंपण घातलेले तीन चौकोन आहेत. इस्रायलमधून शाळेच्या सहली येतात, आधी सिनेगॉग बघतात, मग इथे.

आता अवघड प्रश्न. शेजारी काय करत होते? याचं एक उत्तर नाही. कुणी लपवलं, आणि लपवणाऱ्यालाही घरादारासकट मृत्युदंड होता, हे विसरता कामा नये. कुणी पाहत राहिले. कुणी रिकाम्या घरातली भांडी-अंथरुणं उचलली. आणि तिकोचिनपासून सरळ रेषेत तीसएक किलोमीटरवरच्या येद्वाब्ने गावात १० जुलै १९४१ रोजी, जर्मनांच्या चिथावणीने का होईना, गावातल्याच पोलिश माणसांनी आपल्या ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं. पोलंडच्या सरकारी राष्ट्रीय स्मृती संस्थेने चौकशी करून किमान ३४० बळी धरले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वास्न्येव्स्की यांनी तिथे जाऊन माफी मागितली. २०१८ मध्ये मात्र नाझी गुन्ह्यांचा दोष पोलिश राष्ट्रावर ठेवणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद करणारा कायदा आला, आणि जगभर ओरड झाल्यावर काही महिन्यांतच ती शिक्षा काढावी लागली. पोलंडची अडचणही खरी आहे. देश स्वतः जर्मन टाचेखाली भरडला गेला, साठ लाखांच्या आसपास नागरिक मेले, त्यातले निम्मे ज्यू. मीही बळी आणि माझ्या हातालाही रक्त, ही दोन वाक्यं एका दमात म्हणणं कुठल्याही समाजाला जड जातं.

युद्धात जर्मनांनी तिकोचिनच्या सिनेगॉगचं कोठार केलं. युद्धानंतरही ते कोठारच होतं, खताचं. थोडे वाचलेले परत आले होते, पण घरात दुसरीच माणसं राहायला आलेली, आणि जिवाला धोका. ते निघून गेले. १९७० च्या दशकात सरकारने इमारतीची दुरुस्ती काढली, भिंतीवरच्या प्रार्थना पुन्हा उजळवल्या आणि तिथे संग्रहालय केलं. खत साठवलं म्हणून का होईना, छप्पर शाबूत राहिलं हे खरं. ज्या सिनेगॉगांचा कुणाला काही उपयोग नव्हता ती पडली.

युद्धाआधी पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते, दर दहा माणसांत एक. नव्वद टक्के मारले गेले. मागे राहिली ती सिनेगॉगं, शाळा, न्हाणीघरं आणि सुमारे १,२०० दफनभूमी. यांचा वारस कोण? कम्युनिस्ट राजवटीत उत्तर सोपं होतं, सरकार. १९९७ च्या कायद्याने ज्यू धार्मिक संस्थांना त्यांच्या जुन्या सार्वजनिक मालमत्ता परत मागता येऊ लागल्या, आणि जिथे ज्यू समाजच उरलेला नाही तिथली जबाबदारी घ्यायला २००२ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झालं. पण जागा परत मिळणं म्हणजे खर्च परत मिळणं. दफनभूमी विकता येत नाही, तिथे बांधता येत नाही, ज्यू धर्माप्रमाणे मृताला उठवायचं नसतं. फक्त कुंपण घालायचं आणि गवत कापायचं, दरवर्षी, कायमचं. बऱ्याच ठिकाणी हे काम गावातले शिक्षक आणि त्यांची शाळेतली पोरं करतात. मोडकी हिब्रू शिकतात, दगड वाचतात. दगडावर आशीर्वाद देणारे दोन पंजे असतील तर मृत पुरोहित घराण्यातला, पाण्याची सुरई असेल तर लेवी, म्हणजे पुरोहितांच्या मदतनीसांच्या, घराण्यातला. मेणबत्त्या असतील तर बाई, आणि मोडलेलं झाड असेल तर मृत्यू अकाली.

आपल्याकडेही सिनेगॉग आहे आणि माणसं थोडी, असं चित्र रेवदंड्यात, अलिबागेत दिसतं. वरवर सारखं वाटलं तरी ते वेगळं आहे. बेने इस्रायली स्वतःच्या पायांनी, बोचकी बांधून, बहुतेक १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथे मराठी बोलत राहिले. त्यांची नातवंडं सुट्टीत इस्रायल आळी बघायला येतात, आजीचं घर दाखवा म्हणतात. तिकोचिनला दाखवायला घर आहे, विचारायला नातवंडं फारशी नाहीत.

मग परंपरा चालवतं कोण? गावातले ख्रिस्ती. पुरिम हा ज्यूंचा सोंगं आणण्याचा सण, साधारण आपल्या होळीच्या सुमारास येतो. बेने इस्रायली तर त्याला 'होळीचा सण'च म्हणत. तिकोचिनमध्ये हौशी मंडळींनी पुरिमचं नाटुकलं बसवायची प्रथा पाडली: ज्यूंना वाचवणारी राणी एस्तर, त्यांच्या जिवावर उठलेला दुष्ट हामान, चिकटवलेल्या दाढ्या. जुन्या पाठशाळेच्या तळघरातल्या खाणावळीत बटाट्याचं कुगेल, हा भट्टीत भाजलेला ज्यू पदार्थ, मिळतं. काहींना हे आवडतं, काहींना खुपतं. मला दोन्ही पटतं. माणसं नसताना त्यांची दाढी लावून नाचणं विचित्र आहे, पण हामानचं नाव कुणालाच ठाऊक नसणं त्याहून वाईट वाटतं. खुपतं ते दुसरंच. पोलंडमध्ये पुष्कळ घरांत, दुकानांत दाराशी एक चित्र टांगलेलं असतं, नाणी मोजणारा म्हातारा ज्यू. घरात पैसा येतो म्हणे. टांगणारा म्हणतो, यात वाईट काय?

शेवटी एक खूण सांगतो, पोलंडच्या कुठल्याही जुन्या गावात गेलात तर शोधा. ज्यू घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या चौकटीवर, मेझुझा लावलेला असे. बोटाएवढी डबी, आत चर्मपत्रावर लिहिलेल्या तोरातल्या ओळी. जाता-येता तिला हात लावायचा. बहुतेक डब्या गेल्या. पण जुन्या लाकडी चौकटींवर कुठे कुठे अजून तिरकी खाच दिसते, दोन खिळ्यांची भोकं, वर रंगाचे पाच-सहा थर. वॉर्सॉतले दोन डिझायनर अशा खाचा शोधत गावोगाव हिंडतात. खाचेचा ठसा घेतात आणि त्यात ब्राँझ ओततात. जी जागा पोकळ होती ती भरीव होऊन हातात येते. त्यावर गावाचं नाव, रस्ता आणि घर क्रमांक कोरतात, आत नवं चर्मपत्र घालतात. लोक ते विकत घेतात आणि आपल्या घराच्या उजव्या चौकटीवर, तिरकं, ठोकतात.